भगत, हात दे

नत्थूजी निखारे बोलत नाहीत, घोषणा करतात. सक्करदऱ्याला त्यांचं बिछायत केंद्र आहे. मंडप, सतरंज्या, खुर्च्या, भांडी, भोंगे, सगळं भाड्यानं मिळतं, आणि प्रत्येक लग्नात माईक चालतो की नाही हे बघायला आधी नत्थूजीच बोलतात. उभा जन्म तेच केल्यावर माईक त्यांच्या गळ्यात जाऊन बसला आहे. घरी भाजी मागायची असली तरी आधी खाकरतील, मग "तर" म्हणतील, मग हवेत बोट धरून थांबतील, आणि मग, "तर, सर्वांना विनंती आहे, की वांग्याची भाजी या बाजूला यावी... यावी." शेवटचा शब्द दोनदा. भोंग्यातून तो दोनदा येतो ना, म्हणून. त्यांची नक्कल मला हुबेहूब जमते.

माझी मावशी यमुताई याच्या अगदी उलट. सगळी गल्ली तिला यमुताई म्हणते, म्हणून मीपण. त्याच गल्लीत तिची पिठाची चक्की आहे. चक्कीच्या घरघरीवर आवाज चढवता चढवता तिचं बोलणं आखूड झालंय. "गहू? ठेव. संध्याकाळी ये." झालं भाषण. कोणी म्हणालं, "ताई, जरा नीट दळा हं, मागच्या वेळी पोळ्या फाटल्या," तर ती डब्याकडे बघते, बाईकडे बघते आणि विचारते, "पोळ्या मी लाटल्या होत्या का?"

काका वारले तेव्हा चक्की विकून टाक म्हणणारे घरात रांग लावून बसले होते. तिनं सगळ्यांना चहा दिला, कप विसळले आणि दुसऱ्या दिवशी चक्कीचा पट्टा चढवायला शिकली. आता भरलेला डबा ती एका हातानं उचलून चक्कीच्या तोंडात ओतते. तिच्या भुवयांवर बारा महिने पीठ असतं. ती रागावली की आधी ते भुरभुरतं, मग तोंड उघडतं. मागचं वर्षभर ते भुरभुरतच होतं.

त्याचं कारण नागद्वार. नागपंचमीच्या सुमाराला पचमढीच्या मागच्या डोंगरांत ही यात्रा भरते. चिखल, धुकं, जळवा, लोखंडी शिड्या, एक डोंगर संपला की दुसरा, आणि चालणाऱ्यांत निम्मं नागपूर. आमच्या गल्लीचंही मंडळ जातं. अध्यक्ष अर्थातच नत्थूजी, कारण मंडप त्यांचा. गणेशपेठेतून बस सुटली की ते ड्रायव्हरशेजारी उभे राहून नियम सांगतात. नियम त्यांचेच आहेत, देवाला विचारलेले नाहीत.

"तर, पहिला नियम. या वाटेवर कोणी कोणाचं नाव घेणार नाही. लहान असो, मोठा असो, सगळे भगत... भगत. दुसरा नियम. भगतानं भगताला हात मागितला, की नाही म्हणायचं नाही. नाही म्हणेल त्याची फेरी बाद. तिसरा नियम. शेवटच्या चढावर आपला मंडप, मंडपापुढे आपला त्रिशूळ. त्रिशूळाला हात लागला की फेरी पूर्ण. मग भगत संपला. मग ज्यानं त्यानं आपापलं नाव परत घ्यावं... घ्यावं."

मागच्या वर्षी यमुताई पहिल्यांदा गेली. चक्की बंद ठेवून गेली, जी ती काकांच्या तेराव्यालाही दुपारनंतर चालू करणार होती. सगळे डोंगर तिनं न कुरकुरता पार केले. शेवटच्या चढाच्या पायथ्याशी नत्थूजी म्हणाले, "भगत, तू इथं बस, हे गंज आणि तांदळाचं पोतं राख. आम्ही दर्शन करून माणूस पाठवतो, मग तू वर ये." ती बसली. गंज म्हणजे भात शिजवायचं मोठं पातेलं, त्यात तीच मावेल एवढं. पाऊस आला तेव्हा तिनं ते डोक्यावर धरलं. माणूस आलाच नाही. आला तो थेट टेम्पो, खालच्या रस्त्यानं, सामान न्यायला आणि सामानाबरोबर तिला. त्रिशूळ वर राहिला.

नत्थूजी विसरले होते. विसरलो म्हटलं असतं तर तिनं चार शब्द सुनावले असते आणि विषय मिटला असता. पण अध्यक्ष विसरत नसतात. बसमध्ये कोणी विचारलं, "यमुताई वर दिसली नाही," तर ते म्हणाले, "तर, त्या दमल्या. अर्धी यात्रा केली, तीही पुष्कळ आहे... पुष्कळ आहे." तेव्हापासून त्यांच्या तोंडात तिचं नाव 'अर्धी'. दळण पाठवताना नोकराला सांगायचे, "अर्धीकडे टाकून ये." चक्कीपुढून जाताना, "काय वं अर्धी, बरं आहे ना?" त्यांचं ऐकून आणखी चार जण म्हणायला लागले.

यमुताई भांडली नाही. तिनं त्यांचं दळण मात्र असं दळलं की नत्थूजींच्या घरात महिनाभर दातांखाली कचकच वाजत होती. मग पोळा झाला आणि मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली. नागपुरात त्या दिवशी लोक मारबतीला म्हणतात की अमकी रोगराई घेऊन जा, तमकी महागाई घेऊन जा. आमच्या यमुताईनं महाल भागातल्या गर्दीत उभं राहून चक्कीवरच्या आवाजात सांगितलं, "नत्थू निखारेले घेऊन जा गे मारबत." शेजारच्या बाईनं विचारलं, हा कोणता रोग. ती म्हणाली, "सक्करदऱ्यात आहे."

मारबत त्यांना घेऊन गेली नाही. तेव्हा यमुताईनं स्वतःच न्यायचं ठरवलं. दर रविवारी ती रामटेकला जायची आणि खांद्यावर गव्हाचा भरला डबा घेऊन गडाच्या पायऱ्या चढायची. पुजारी विचारायचे, नवस का. माकडं डब्याला लोंबकळायची. ती दोघांनाही हाकलायची.

या वर्षी बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली. पुढे नियम चालू होते. ती कान देऊन ऐकत होती, मान डोलावत होती, शाळेत पहिल्या बाकावरची मुलगी ऐकते तशी.

"सोनिका," ती म्हणाली, "मले देवाले काही मागाचं नाही. मले त्रिशूळाले हात लावाचा आहे. आन या म्हाताऱ्याच्या तोंडून सगळ्यायच्या समोर निघालं पायजे का मले त्यानं बसवलं होतं."

"आणि नाही निघालं तर?"

"काहून नाही निघणार? पिळलं का निघते."

सगळ्या डोंगरांवर ती नत्थूजींच्या मागे एक हात अंतर ठेवून चालली. ते थांबले की थांबायची. ते निघाले की निघायची. पाणी प्यायला त्यांनी बाटली तोंडाला लावली की मागे हिचीही बाटली. नत्थूजी वळून वळून बघायचे. नियमामुळे त्यांना 'अर्धी' म्हणता येत नव्हतं आणि 'भगत' म्हणवत नव्हतं, म्हणून ते तिला काहीच म्हणत नव्हते. "ते... जरा पुढे जायचं असेल तर जावं," एवढंच. ती म्हणायची, "अध्यक्षाच्या पुढे कशी जाऊ?"

शेवटच्या दिवशी दुपारी शेवटचा चढ लागला. मंडळातली तरणी मंडळी जेवणाच्या वासानं केव्हाच वर पळाली होती. धुकं असं की पुढच्याची फक्त पिशवी दिसायची. एका ओल्या दगडावर नत्थूजींचा पाय सरकला, मुरगळला, आणि ते मटकन खाली बसले. तोंडातून निघालेला आवाज त्यांच्या आयुष्यातला पहिला असा आवाज असेल ज्याच्या आधी "तर" नव्हतं.

यमुताई समोरच्या दगडावर बसली, तिच्याशेजारी मी. पदर खोचला. डब्यातून तिखट पुरी काढली.

"तर," नत्थूजी म्हणाले, "अध्यक्ष थोडा विसावा घेत आहेत."

"घ्या ना," ती म्हणाली. "मी कुठं ढकलून राहिली."

तेवढ्यात खालून दोन धिप्पाड माणसं आली. नत्थूजींचा सुजलेला घोटा बघून थांबली. "काय झालं भगत? उचलू का?"

नत्थूजींनी हात पुढे केला होता. पण ते काही मागायच्या आत यमुताई बोलली, आणि असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मध, तूप आणि वर केशर. "राहू द्या भगत, आमचेच अध्यक्ष आहेत. घरचेच समजा. आमी नेऊन राहिलो न."

"बरं बरं," म्हणून ते दोघे निघून गेले. मग एक म्हातारा आला. त्यालाही तेच मध-तूप. मग एका मंडळाचे कार्यकर्ते आले, त्यांच्याकडे मलम होतं. यमुताईनं मलम घेतलं, आभार मानले, त्यांना वाटेला लावलं आणि मलम पिशवीत टाकलं.

नत्थूजींच्या लक्षात आलं. ते काही बुद्दू नाहीत. चिखलाकडे बघता बघता त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. नियम आठवला होता. त्यांनी घसा खाकरला, बोट हवेत धरलं आणि थेट तिच्याकडे बघून म्हणाले, "भगत, हात दे."

वर्षभरात पहिल्यांदा ते तिला अर्धी सोडून दुसरं काही म्हणाले होते, आणि तेही अडकवायला. नाही म्हटलं तर तिची फेरी बाद. यमुताईनं पुरी खाऊन संपवली. हात पदराला पुसला. उठली आणि हात दिला. नत्थूजी उठले, लंगडत एक दगड चढले. तिनं हात काढून घेतला. ते परत बसले.

"अगं, धरून ठेव ना."

"हात मागतला, हात देला. धरून ठेवाचा नियम कुठं आहे?"

"म्हणजे दर दगडाला मागायचं का?"

"तुमची मर्जी. मले काय, मी बसून राहते."

वाट वर जात होती आणि तिच्यात दगडांना काही तोटा नव्हता. प्रत्येक दगडाशी नत्थूजी मागत, प्रत्येक दगडाशी ती देत, आणि दगड चढून झाला की हात परत. पहिले काही वेळा अध्यक्षी थाट होता, "तर, भगत, हात दे." मग "तर" गळलं. मग बोट हवेत जायचं बंद झालं. मग ते भाजीवाल्यासारखं झालं, लांबवून, नाकातून, "भगऽऽत, हात देऽऽ." एकदा त्यांनी नुसताच हात पुढे केला. ती हाताकडे बघत राहिली. "हात दे," ते म्हणाले. ती धुक्याकडे बघत राहिली. "भगत," ते म्हणाले. मग दिला.

मागून कॉलेजची पोरं येत होती. ती या दोघांमागे अडकली, कारण वाट अरुंद होती. थोड्या वेळानं नत्थूजी नुसतं "भगत" म्हणाले की मागून सगळी पोरं एका सुरात म्हणायची, "हात दे." हे सुरू कोणी केलं ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते की नत्थूजींनी दोनदा वळून पोरांकडे बघितलं, कारण मागून त्यांचाच आवाज आला होता.

शेवटी शिडी आली. लोखंडी, अरुंद, दोन्ही बाजूंना दांडे, आणि वरची शेवटची पायरी कंबरेइतकी उंच. यमुताई भराभर चढली. मी तिच्यामागे. वर आमचा मंडप होता, नत्थूजींचाच, लाल-पिवळ्या पट्ट्यांचा, आणि त्यापुढे त्रिशूळ. ती त्याच्यापाशी गेली आणि त्याला दोन्ही हात लावले. मला वाटलं रडेल. तिनं त्रिशूळ जरा हलवून बघितला, पक्का आहे का म्हणून, आणि शिडीशी परत आली.

खाली नत्थूजी शेवटच्या पायरीआधी अडकले होते. दुखरा पाय एवढा उंच उचलवत नव्हता. त्यांच्यामागे शिडीभर माणसं, आणि शिडीखाली आणखी.

"भगत," ते म्हणाले. "हात दे," शिडी म्हणाली.

यमुताई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कोणाले म्हणता?"

"तुलाच."

"मी आता भगत नाही. मी त्रिशूळाले हात लावून आली. भगत संपला. नियम तुमचाच आहे, नत्थूजी."

नत्थूजींनी डोळे मिटले. "चलो भगत, आगे बढ़ो," खालून कोणी ओरडलं.

"मग कोण आहेस?"

"तुमी सांगा न. वर्षभर तुमीच तर नाव ठेवून राहिले."

खालून पुन्हा ओरडा झाला. नत्थूजी म्हणाले, "यमुताई."

"हाव. बोला."

"यमुताई, हात दे बाई. लोक खोळंबलेत."

"देते. भगताचा हात फुकट होता, यमुताईच्या हाताले मोल आहे. मागच्या वर्षी मले गंजापाशी कोणी बसवलं, आन कोण विसरलं, हे मंडपात सगळ्यायच्या समोर सांगाचं. सांगता का?"

"सांगतो."

"गोल गोल नाही. सरळ."

"सरळ सांगतो. हात दे."

तिनं एक हात खाली केला, चक्कीवरचा, आणि नत्थूजी गव्हाच्या पोत्यासारखे वर आले. वर येताच ते लंगडत त्रिशूळाकडे निघाले. ती आडवी झाली. "आधी मंडप."

मंडपात पंगत बसली होती. भात, वरण, पातळ भाजी. वच्छलाबाई, ज्या मंडळाचा सगळा स्वयंपाक बघतात, वरणाची बादली घेऊन ओळीतून फिरत होत्या. नत्थूजी खांबाला धरून उभे राहिले. खाकरले.

"तर, सर्व भगतांना कळवण्यात येतं, की गेल्या वर्षी सामानापाशी एका भगिनीस बसवण्यात आलं होतं, आणि नजरचुकीनं त्यांना परत बोलावण्यात आलं नाही... आलं नाही."

"कोणी बसवलं?" यमुताई मागून म्हणाली.

"अध्यक्षांनी."

"अध्यक्ष कोण आहे?"

"मी."

कोणी घास थांबवला नाही. कोपऱ्यातून एक जण म्हणाला, "नत्थूजी, तिकडे मिठाचं सांगा जरा." वच्छलाबाई बादली घेऊन जवळ आल्या. "काय झालं? कोणाचं सामान गेलं?"

"सामान नाही गेलं वं," यमुताई म्हणाली. "मी गेली होती. मले बसवून हे विसरले, आन वरतून सांगत फिरले का मी दमली. म्हणून तर मले अर्धी म्हणतात."

"अर्धी?" वच्छलाबाई म्हणाल्या. "ते म्हणून आहे का? मले वाटलं तू अर्ध्या तासात दळून देते म्हणून अर्धी म्हणतात. मी तर माझ्या नणंदेलेही सांगितलं, अर्धीकडे दे, लवकर होते."

ओळीतल्या दोघांनी माना हलवल्या. त्यांनाही तसंच वाटलं होतं. एकाला तर काहीच वाटलं नव्हतं, त्याला ते तिचं आडनाव वाटायचं.

नत्थूजींचा चेहरा एकदम मोकळा झाला. "बघ," ते म्हणाले, "कोणाच्या मनात काही नव्हतं. झालं गेलं." आणि ते त्रिशूळाकडे वळले.

यमुताईच्या भुवयांवर तेव्हा पीठ नव्हतं, पावसानं धुतलं होतं. तरी मला ते भुरभुरताना दिसलं. वर्षभर ती चक्कीवर उभी राहून जळली, रामटेकच्या पायऱ्या चढली, मारबतीच्या गर्दीत ओरडली, आणि इथं कोणाला पत्ताच नाही.

"थांबा," ती म्हणाली. "मले माहीत, तुमाले माहीत. आता सगळ्यायले माहीत झालं पायजे. एकेका ओळीपुढे जाऊन सांगा."

"अगं, ज्यांना माहीत नाही त्यांना कशाला उगाच?"

"म्हणूनच."

"पाय दुखून राहिला आहे."

"हात देते न." आणि तिनं खरंच हात दिला. या वेळी मागावाही लागला नाही, आणि तिनं तो सोडलाही नाही.

तिनं त्यांना पहिल्या ओळीपुढे उभं केलं. त्यांनी सांगितलं. "बसवण्यात आलं" म्हटलं की ती हात जरा दाबायची, आणि ते "मी बसवलं" म्हणायचे. दुसऱ्या ओळीपुढे सांगितलं. तिसऱ्या ओळीपर्यंत घसा खाकरणं संपलं, शेवटचा शब्द दोनदा येईना, आणि कोणीही माणूस बोलेल तसे ते बोलायला लागले. मला त्यांची नक्कल करणं तिथं पहिल्यांदा अवघड गेलं. धरायला काही उरलंच नव्हतं.

शेवटच्या ओळीत बैतूलकडचे लोक होते, वास आला म्हणून बसलेले. नत्थूजी म्हणाले, "यांना मराठी येत नाही."

"तुमाले हिंदी येते न."

"तो," नत्थूजी म्हणाले, "पिछले साल ये बाई को सामान के पास बिठाया था."

"किसने?" घास तोंडाशी धरलेल्या माणसानं विचारलं. आख्ख्या मंडपात नीट ऐकणारा तो पहिलाच.

"हमने."

"फिर?"

"फिर हम भूल गए."

"अरे. फिर?"

नत्थूजींनी यमुताईकडे बघितलं. ती धुक्याकडे बघत होती.

"फिर हमने झूठ बोला, कि ये थक गई."

"बहुत गलत किया भगत," तो माणूस म्हणाला. शेजाऱ्याला म्हणाला, "सुना?" शेजाऱ्यानं ऐकलं नव्हतं, म्हणून त्याला पहिल्यापासून सांगावं लागलं.

ते सांगून झालं आणि लोक उठायला लागले. वच्छलाबाईंनी पत्रावळी गोळा केल्या, सतरंज्या झटकल्या. नत्थूजी जवळच्या खुर्चीवर बसले, आपल्याच बिछायत केंद्राचं नाव पाठीवर लिहिलेल्या, आणि त्यांनी पाय लांब केला. त्रिशूळ तिथून दहा पावलांवर होता. कॉलेजची पोरं दर्शन आटोपून येत होती, त्यांच्यामागे पांढऱ्या टोप्यांचं कुठलंसं मंडळ, त्यांच्यामागे बायका. सगळे भुकेले. सगळे येऊन ओळीनं बसायला लागले.

यमुताईनं वच्छलाबाईंच्या हातातून वरणाची बादली घेतली, दुसऱ्या हातानं नत्थूजींचा दंड धरला.

"उठा नत्थूजी," ती म्हणाली. "दुसरी पंगत बसून राहिली."